टेंपरवारी देव

१

गुरुवारी सकाळी सव्वादहाला नागापूर एमआयडीसीतल्या अण्णांच्या वर्कशॉपमधला तपासनीस एकाएकी मुका झाला.

तपासनीस म्हणजे कुणी माणूस नव्हे. काचेची पेटी, तिच्या डोक्यावर कॅमेरा आणि शेजारी बारा-तेरा वर्षांचा जुना लिनक्स कॉम्प्युटर, एवढंच त्याचं शरीर. पेटीतून बेअरिंगच्या रिंगा एकामागून एक सरकायच्या, कॅमेरा प्रत्येकीचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटर सांगायचा, ही पास, ही फेल. तपासनीस हे नाव अण्णांनी ठेवलेलं. त्याच्यासमोर बसायची दया भिंगारदिवे.

दया अडीच वर्षं तिथं होती, पण टेंपरवारी. दर अकरा महिन्यांनी तिचा कागद नवा व्हायचा. नाताळात तिच्या आईनं पाठवलेली करंजी खाता खाता मालक ज्ञानेश्वर अण्णा स्वतः म्हणाले होते, "दया, मार्चच्या एक तारखेपासून तू पर्मनंट." त्या दिवसापासून ती कॅलेंडरवरचा एकेक दिवस खोडत होती. आता सातच दिवस उरले होते.

त्या सकाळी इलेक्ट्रिशियन इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला आला होता. एरवी चोवीस तास चालू असणारा कॉम्प्युटर त्यासाठी दहा मिनिटं बंद करावा लागला. काम झाल्यावर तो म्हणाला, "ताई, करा चालू." दयानं बटण दाबलं. बोटाला काहीतरी वाळलेलं, भुरभुरीत लागलं, ते तिनं ॲप्रनला पुसलं. स्क्रीन उजळला, कॅमेऱ्याचा दिवा लागला, आणि मग इंग्रजीत एकच ओळ आली. शेअर्ड मेमरी उघडता येत नाही, अशी जागाच नाही. त्यापुढे ढिम्म.

सुपरवायझर सुनीलभाऊ धावत आला.

"काय दाबलंस गं?"

"बटण, भाऊ."

"बटन तर आमी बी दाबतो. आमचं कदी काय बंद पडत न्हाई!"

शुक्रवारी दुपारी तिच्या हातात मेमो पडला. अण्णांच्या अक्षरातला. 'आपल्या हाताळणीनंतर मशीन बंद पडले आहे. शनिवारी दुपारपर्यंत समाधानकारक खुलासा न मिळाल्यास आपणांस कायम करण्याचा विचार रद्द समजावा.'

दयानं तो दोनदा वाचला. खुलासा काय देणार? बटण दाबलं, एवढंच तिला ठाऊक होतं.

२

याकोब सर चर्चच्या कंपाउंडमधल्या चिंचेखाली पोरांना अपूर्णांक शिकवत होते. समोर एक पेरू, त्याच्या आठ फोडी आणि त्यांवर डोळा ठेवून बसलेली अकरा पोरं. सर आयटीआयमध्ये टर्नरचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर साठाव्या वर्षी स्वतःच्या हिमतीवर कॉम्प्युटर शिकले. दया याच चिंचेखाली पाढे शिकली होती.

"तीन अष्टमांश कुणाला पाहिजे?" सरांनी विचारलं. सगळे हात वर गेले. "आणि तीन अष्टमांश म्हणजे किती ते कोण सांगेल?" निम्मे हात खाली आले. सर हसले, फोडी वाटल्या, पोरांना घरी पाठवलं आणि दयाकडं वळले.

"चेहरा का असा, बाळ?"

तिनं मेमो पुढं केला. सरांनी चष्मा लावला. वरच्या कोपऱ्यावर त्यांची नजर पडली आणि ते गालातल्या गालात हसले.

"अजून सवय गेली नाही म्हणायची."

"कसली सवय, सर?"

"ज्ञानेश्वरची. माझाच विद्यार्थी तो, त्र्याऐंशीच्या बॅचचा. बरं, ते राहू दे. तू मला गुरुवारची सकाळ सांग. महत्त्वाचं तेवढं सांगू नकोस. बिनमहत्त्वाचंही सांग. महत्त्वाचं काय ते आपण मागाहून ठरवू."

दयानं सगळं सांगितलं. बॅटरी, इलेक्ट्रिशियनची चप्पल, सुनीलभाऊचा टोमणा, त्याला तिच्या जागी लावायची असलेली भाची. बोटाला लागलेल्या भुकटीशी ती आली तसा सरांनी हात वर केला.

"थांब. कसली भुकटी?"

"हळदकुंकू असणार, सर. खंडेनवमीला मशिनींची पूजा होते ना, तेव्हाचं. बटण खोबणीत आहे, म्हणून राहिलं असेल."

"पूजेच्या वेळी कॉम्प्युटर बंद होता?"

"नाही. बाकीच्या मशिनींना त्या दिवशी विश्रांती. पण अण्णा म्हणाले, स्क्रीन बंद ठेवून गंध कुणाला लावायचं? तो चालूच होता."

"ॲप्रन धुतलास?"

"नाही अजून. उद्या धुणार होते."

सर खुर्चीतून पुढं झुकले. आवाज खाली आणला.

"मग धुवू नकोस. तुझा साक्षीदार त्या ॲप्रनवर आहे."

३

शनिवारी सकाळी नऊला याकोब सर वर्कशॉपच्या दारात उभे राहिले, तेव्हा अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला आणि वाकून पाया पडले.

"सर, तुम्ही? निरोप द्यायचा, गाडी पाठवली असती."

"रिक्षा बरी. ज्ञानेश्वर, तुझं मशीन बघू का जरा? दुपारपर्यंतची मुदत आहे म्हणे."

अण्णांनी दयाकडं एकदा बघितलं. "बघा ना सर. पण पार्थ म्हणतो, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल." पार्थ हा त्यांचा कॉम्प्युटरवाला, फोनवरच जास्त भेटणारा.

सर दयाच्या खुर्चीत बसले नाहीत. तिलाच बसवलं, स्वतः शेजारी स्टूल ओढलं.

"आधी आजारी कोण ते बघू. एकटा कॅमेरा चालव."

तिनं चालवला. रिंगेचं चित्र स्वच्छ दिसलं.

"आता एकटा तपासणारा प्रोग्रॅम चालव. त्याला जुने फोटो दे."

दिले. पास, पास, फेल, पास. तोही ठणठणीत.

"आता दोघं एकदम."

तीच ओळ. जागाच नाही.

"मग सांग, बिघाड कुठं?"

दयानं आधी कॅमेऱ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. "दोघांच्या मध्ये, सर."

"शाब्बास. आता ऐक. एका खोलीत दोन वर्ग भरतात आणि दोघांत एकच फळा आहे असं समज. पहिला वर्ग फळ्यावर लिहितो, दुसरा वाचतो. चिठ्ठ्या पाठवत बसण्यापेक्षा हे झटपट. कॅमेरा फोटो त्या फळ्यावर टाकतो, तपासणारा तिथूनच उचलतो. या फळ्याला शेअर्ड मेमरी म्हणतात. तो भिंतीत बांधलेला नसतो. कॉम्प्युटर रोज उठला की यादी बघतो आणि एकेक वस्तू आपापल्या खुंटीवर टांगतो. टांगण्याला माउंट म्हणतात. आता काय काय टांगलंय ते विचार त्याला."

दयानं विचारलं. स्क्रीनवर सात-आठ ओळी उमटल्या. सरांनी बोटानं एकेक दाखवली. फळा त्यात नव्हता.

अण्णांनी मास्टर पासवर्ड टाइप केला. तो फक्त त्यांना आणि पार्थला ठाऊक होता, शिवाय एका बंद पाकिटात होता. सरांनी एक कमांड सांगितली, दयानं लिहिली, आणि फळा खुंटीवर चढला. दोन्ही प्रोग्रॅम चालू केले. पेटी घरघरली. पास. पास. पास.

"जमलं!" ऑफिस सांभाळणाऱ्या विजयमाला मॅडमनी दारातून टाळी वाजवली. अण्णांनी सुस्कारा सोडला. दयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा," सर म्हणाले. "दया, कॉम्प्युटर बंद कर आणि परत चालू कर."

"कशाला, सर? चाललंय ना!"

"म्हणूनच."

तिनं बंद केला. चालू केला. आणि तीच ओळ पुन्हा समोर येऊन बसली. जागाच नाही.

"बघा!" सुनीलभाऊ म्हणाला. "हिच्या हाताला काय गुन हाय कुनास ठाऊक. बटनाला शिवली की संपलं."

४

"सुनील, तुझं बरोबर आहे," सर शांतपणे म्हणाले. "बटण दाबलं की फळा जातो. हाताने टांगला की येतो, पुन्हा उठवलं की जातो. म्हणजे फळा फुटलेला नाही. सकाळच्या यादीतूनच त्याचं नाव गेलंय. प्रश्न एवढाच, कुणी काढलं आणि कधी? दया, यादीची फाइल उघडू नकोस. आधी तिच्यावरची तारीख बघ. शेवटचा हात कधी लागला?"

दयानं तारीख मोठ्यानं वाचली. "एक ऑक्टोबर. अकरा वाजून अडतीस मिनिटं."

गुरुवारची नव्हे, जवळजवळ पाच महिन्यांपूर्वीची तारीख!

"एक ऑक्टोबर म्हणजे खंडेनवमी," विजयमाला मॅडम पुटपुटल्या.

"पन मंग पाच म्हैने मशीन चाललं कसं?" सुनीलभाऊनं विचारलं.

"फार चांगला प्रश्न," सर म्हणाले, आणि वर्गात शहाणा प्रश्न आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "दया, ॲप्रन दाखव."

दयानं निळ्या ॲप्रनची कड उलगडली. त्यावर बोटभर पिवळा-तांबडा डाग होता.

"खंडेनवमीला बटणावर लावलेलं हळदकुंकू गुरुवारी हिच्या बोटाला लागलं. मधे कुणी बटण दाबलं असतं तर ते तेव्हाच पुसलं गेलं असतं. म्हणजे जवळजवळ पाच महिने हा कॉम्प्युटर झोपलाच नाही. जो झोपत नाही तो सकाळची यादी वाचत नाही. आधीचा फळा टांगलेला होता, त्यावर काम चालू राहिलं. गुरुवारी बॅटरीसाठी त्याला झोपवलं, उठल्यावर त्यानं यादी वाचली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की यादीत फळा नाही. दयाचं बोट शेवटचं होतं. म्हणून ते गुन्हेगार दिसलं."

दयाला वाटलं, तिच्या छातीवरचा दगड कुणी अलगद उचलला. पण सरांचं संपलं नव्हतं.

"आता एक ऑक्टोबर, अकरा अडतीस. कोण कुठं होतं?"

सुनीलभाऊनं कान खाजवला. "मी झेंडू आनायला गेल्तो. आलो तवा बारा वाजलेले. अण्णांनी लई शिव्या घातल्या."

"तुझ्या भाचीला दयाच्या जागी लावायचं होतं म्हणे?"

"व्हय, हुतं मनात. खोटं कशाला बोलू? पन त्यासाटी मशीन कोन मोडतं, सर? ह्येच्यावर माझं घर चालतंय. आन् पासवर्ड मला कोन सांगतंय?"

विजयमाला मॅडमनी कपाटातून पाकीट आणून टेबलावर ठेवलं. सेलोटेपवरून अण्णांची सही गेलेली, कुठं उचकटल्याची खूण नाही. "मी त्या वेळी बाहेर पेढ्यांची ताटं लावत होते. सगळ्या बायका माझ्याबरोबर होत्या, दयासुद्धा. रांगोळी तिनंच काढली."

पार्थला फोन लावून स्पीकरवर घेतलं.

"खंडेनवमीला मी गावी होतो सर, देवळाली प्रवऱ्याला. आमच्या ट्रॅक्टरची पूजा दरवर्षी माझ्याच हातची. आणि मी फाइल बदलली तर शेजारी माझं नाव न् तारीख टाकतो."

"इथल्या लोकांना तू काही शिकवलंस का रे?"

"थोडंफार. टी-एम-पी म्हणजे टेंपररी, जागा भरली की टी-एम-पी शोधून उडवा, असं सांगतो. सगळेच विचारतात."

"आता उघड यादी," सर दयाला म्हणाले.

तिनं उघडली. सात ओळी. फळ्याची ओळ नव्हती. पार्थचं नाव कुठंच नव्हतं. पण सगळ्यांत वर, पहिल्याच ओळीत, एक खूण आणि तिच्यापुढं इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता.

दयानं तो वाचला आणि तिचा हात नकळत खिशाकडं गेला. खिशात मेमो होता. सर काल कशाला हसले, ते तिला आत्ता कळलं.

तिनं वर बघितलं. सर तिच्याकडंच बघत होते.

"उत्तर येतंय ना? मग हात वर कर."

उत्तर येत होतं. पण ज्या माणसाच्या सहीवर तिचं पर्मनंट होणं अवलंबून होतं, तोच माणूस तिच्या मागं कमरेवर हात ठेवून उभा होता.

५

दयानं हात वर केला. चिंचेखाली करायची तसाच, कोपर कानाला टेकवून.

"वर 'श्री' लिहिलंय, सर." मेमो काढून तिनं टेबलावर पसरला. वरच्या कोपऱ्यात, दोन उभ्या रेघांमध्ये, तोच शब्द होता. "अण्णा, तुम्ही श्री लिहिल्याशिवाय कुठलाच कागद सुरू करत नाही. गेटपाससुद्धा नाही. मला रागवू नका. पण ही फाइल तुम्ही उघडली होती."

सुनीलभाऊ जमिनीकडं बघू लागला.

अण्णा पुढं आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि स्क्रीनजवळ तोंड नेऊन तो शब्द बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! सुनील झेंडू घेऊन येईना, म्हणून बसलो होतो इथं एकटा. म्हटलं, सगळ्या मशिनी साफ केल्या, ह्याची पण आतून साफसफाई करू. पार्थनं सांगितलेलं ते टी-एम-पी शोधलं. ही फाइल निघाली. पहिल्यांदा उघडली म्हणून वरच्या खुणेपुढं श्री घातलं."

"आणि ओळ?"

"ओळ होती की! आधी टी-एम-पी, पुढं रेघ, मग डी-ई-व्ही." अण्णांचा आवाज बारीक झाला. "मी वाचलं, टेंपरवारी देव. म्हटलं, आपला देव तर भिंतीवर पर्मनंट बसवलाय. टेंपरवारी देव कशाला पाहिजे? काढला."

पहिल्यांदा सुनीलभाऊ फिसकन हसला. मग विजयमाला मॅडम. मग खुद्द अण्णा, पोट धरून. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अरे, डी-ई-व्ही म्हणजे डिव्हाइस," ते म्हणाले. "पण तुझ्या वाचण्यात एक गोष्ट बरोबर होती. टेंपरवारी हा शब्द तिथं आहे. फक्त तो कशाला म्हटलाय हे तू बघितलं नाहीस. फळ्यावर लिहिलेलं टेंपरवारी असतं, संध्याकाळी पुसलं जातं. फळा टेंपरवारी नसतो. तो रोज जागेवर लागतो. तो नसेल तर दोन्ही वर्ग शेजारी शेजारी बसून मुके."

अण्णांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी दयाकडं बघितलं, मग टेबलावरच्या मेमोकडं.

"सर, तुम्ही मला टर्नर केलंत तेव्हा काय सांगायचात? लेथवरचा जॉब बिघडला तर आधी आपलं माप तपासा, मग मशीनला नावं ठेवा. आज पन्नास माणसांचं वर्कशॉप चालवतो आणि तेवढंच विसरलो."

"विसरला होतास. पण चार माणसांसमोर कबूल केलंस," सर म्हणाले. "ते मी शिकवलं नव्हतं, ज्ञानेश्वर. त्याबद्दल मीच तुझा आभारी आहे."

सरांनी ओळ सांगितली. दयानं ती यादीत एकेक अक्षर करत लिहिली. सरांच्या बोटांनी ते दोन सेकंदांत झालं असतं, पण त्यांनी हात मांडीवरून हलवले नाहीत. मध्ये तिची एक जागा चुकली तेव्हा फक्त घसा खाकरला. तिनं बघितलं आणि दुरुस्त केली.

"श्री काढू का, अण्णा?" तिनं विचारलं.

"त्याच्याआधी ती खूण आहे ना? मग कॉम्प्युटर तिकडं बघत नाही," सर म्हणाले. "राहू दे. कुणाचं काही बिघडत नाही त्यानं."

कॉम्प्युटर बंद केला. चालू करायला सुनीलभाऊनं बोट पुढं केलं, तर अण्णा ओरडले, "तू नको! तिलाच दाबू दे."

दयानं दाबलं. स्क्रीन उजळला. कॅमेऱ्याचा दिवा लागला. सगळे श्वास धरून उभे. पेटी घरघरली.

पास.

"अजून एकदा बंद कर न् चालू कर," सर म्हणाले. या वेळी तिनं कशाला म्हणून विचारलं नाही.

पास. पास. फेल. पास.

"माझी चूक झाली, पोरी," सुनीलभाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "तुज्या हाताला गुन हाय, ते मातर खरं हाय. चांगला गुन."

अण्णांनी मेमो उचलला, त्याचे चार तुकडे केले आणि विजयमाला मॅडमकडून कोरा लेटरहेड मागवला. उभ्याउभ्याच टेबलावर वाकले. वरच्या कोपऱ्यात दोन रेघा ओढल्या, मध्ये श्री लिहिलं. खाली लिहिलं, 'दया भिंगारदिवे यांना दिनांक एक मार्चपासून कायम सेवेत घेण्यात येत आहे.' सही करताना पेन अडलं. त्यांनी झटकलं आणि पुन्हा सही केली.

"एक तारखेला द्यायचं होतं," ते कागद तिच्या हातात देत म्हणाले. "पण तोवर मी आणखी काही साफसफाई केली तर? आत्ताच घे."

दया वाकली, आधी अण्णांच्या पाया पडली, मग सरांच्या. सरांनी तिला अर्ध्यातच उठवलं.

रिक्षापर्यंत ती त्यांच्याबरोबर चालत गेली. रस्त्याच्या कडेला टेम्पोंची रांग उभी होती.

"सर, काल रात्रभर मी प्रार्थना करत होते, कुणीतरी खरं शोधून काढू दे म्हणून. तुम्ही आलात."

"मी फक्त प्रश्न विचारले, बाळ. उत्तरं सगळी तुझ्याकडंच होती. ॲप्रनवर न् खिशात." सर रिक्षात बसले. मग परत डोकं बाहेर काढलं. "एक काम होतं. माझे डोळे आता संध्याकाळी दमतात. शनिवारी पोरांना तासभर कॉम्प्युटर शिकवशील? फळ्याची गोष्ट तर आता तुला माझ्याहून चांगली सांगता येईल."

दयानं कागदाची घडी नीट घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली, हळदकुंकवाच्या डागाशेजारी.

"शिकवीन, सर," ती म्हणाली. "पण पर्मनंट ना?"